आत बसायचा हक्क

"वर्नाबाई, तुम्हाला आत बसता येणार नाही," कोर्टाचा शिपाई वेंडल दार अडवून म्हणाला. तो नजर चुकवत होता.

"माझ्या मुलीच्या खुनाचा खटला आहे, वेंडल."

"आरोपीच्या वकिलानं तुमचं नाव साक्षीदारांत घातलंय. साक्षीदारांनी इतरांच्या साक्षी ऐकायच्या नसतात."

"मी काय पाहिलंय? मी तेव्हा शाळेत बटाटे सोलत होते!"

वेंडलला ते माहीत होतं. ओहायोतल्या त्या लहानशा गावात वर्ना क्रॉलीच्या हातचं शाळेतलं जेवण निम्म्या गावानं खाल्लेलं. वकिलालाही ते माहीत होतं. रडणारी आई निवाडा करणाऱ्या नागरिकांच्या, ज्यूरीच्या, डोळ्यांसमोर नको, एवढाच त्याचा डाव.

खटला चालला तोवर वर्ना बाहेर येरझाऱ्या घालत राहिली. बाकावर बसे, उठे, दाराला कान लावी. एकदा आतून हसण्याचा आवाज आला. तिच्या लेकीच्या, डार्लीनच्या खटल्यात कुणाला कशाचं हसू आलं, ते तिला कधीच कळलं नाही. साक्षीला तिला कुणी बोलावलंच नाही. आरोपीची आई मात्र रोज पहिल्या रांगेत बसून होती.

शिक्षा झाली, तरी वर्नाला चैन पडेना. घरातल्या खुर्च्या ती उगीच हलवी, पुन्हा जागेवर ठेवी. नवरा वैतागे, "अगं, टेक की जरा!"

ती टेकली नाही. आपल्यासारख्याच पोळलेल्या बायकांना गाठून ती राज्याच्या राजधानीत, कोलंबसला जाऊ लागली. आमदारांच्या दारात ताटकळू लागली.

"खटला सरकारचा असतो, बाई," एकानं समजावलं.

"आणि मुलगी? तीही सरकारचीच होती का?"

वर्षं गेली. कायदा बदलला. बळी गेलेल्याच्या घरच्यांना खटल्यात हजर राहण्याचा हक्क मिळाला. वर्नाचा खटला केव्हाच संपला होता. मग ती दुसऱ्यांच्या खटल्यांना सोबत म्हणून जाऊ लागली.

जनीन ही तरुण विधवा. तिच्या नवऱ्याला पेट्रोल पंपावर गोळी घातलेली. आरोपीच्या वकिलानं तिलाही बाहेर पाठवायला सांगितलं.

"त्या इथंच बसतील," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "आता तसा कायदा आहे."

शेजारी बसलेल्या वर्नानं जनीनचा हात दाबला.

पुढे प्रेताचे फोटो दाखवायची वेळ आली. जनीन पांढरीफटक पडली.

"मला नाही बघवणार," ती कुजबुजली. "तुम्ही एवढं भांडलात, आणि मी..."

"जा तू. तुला कुणी बाहेर काढत नाहीये. जायचं की बसायचं, ते आता तुझ्या हातात आहे."

"पण माझा नवरा इथं एकटा पडेल ना."

"मी आहे की."

जनीन उठून गेली. तिचा कोट बाकावरच राहिला. वर्नानं तो उचलून मांडीवर घेतला. सरकारी वकिलानं पहिला फोटो लावला तेव्हा ज्यूरीतल्या एका माणसानं मान फिरवली. वर्ना ताठ बसून फोटोतल्या त्या परक्या तरुणाकडे बघत राहिली, शेवटचा फोटो उतरवेपर्यंत.