पाऊण तासाचं नाणं

पारख्याने ते एक पैशाचं नाणं तिसऱ्यांदा तराजूवर ठेवलं. वजन तंतोतंत. कडा बरोबर, तांबं जुनं, वरचा काळपट थरही एकसारखा. भिंग डोळ्याला लावून तो पुन्हा सालाकडे वळला. त्या साली ही नाणी मोजकीच निघाली होती, बाकीच्या सालांची पोत्याने. म्हणून या धंद्यात आधी शेवटचा आकडा बघतात, मग बाकीचं.

समोर स्टुलावर घड्याळजीची बायको बसली होती. नवरा अंथरुणाला खिळलाय, डॉक्टरांनीही हात टेकलेत, हे तिने आल्याआल्याच सांगितलं होतं. त्याचं मन एकाच गोष्टीत अडकलं होतं. हे नाणं त्याच पारख्याला दाखव आणि तो काय म्हणतो ते मला येऊन सांग, दुसऱ्या कुणाचं मला ऐकायचं नाही.

पारखी म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. तीस वर्षांपूर्वी हाच घड्याळजी हौसेने घेतलेलं एक नाणं घेऊन दुकानात आला होता. पारख्याने ते धड हातातही न घेता खोटं म्हणून परत सरकवलं, आणि घड्याळं दुरुस्त करा, नाण्यांच्या नादी लागू नका, असं चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. लोक हसले. काय अडलं होतं तेवढं बोलायचं? पण तरुणपणी जीभ कुणाच्या बापाचं ऐकते! घड्याळजी पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नाही.

पारख्याने दिवा तिरका केला. आकड्याच्या पोटाशी केसाएवढी रेघ दिसली, आणि त्याचा हात थांबला. आकडा मुळातला नव्हताच. जुना खरवडून त्याच तांब्यातून नवा उठवला होता आणि वर्षानुवर्षं काळवंडू दिला होता.

त्याला त्या आजारी माणसाची फार कीव आली. खरं सांगावं तर मरणाऱ्याच्या तोंडचा घोट काढून घेतल्यासारखं. खोटं सांगावं तर आयुष्यभराची पत मातीत.

"वहिनी, नाणं खोटं आहे," तो शेवटी म्हणाला. "त्यांना पुन्हा कुणीतरी फसवलं. वाईट वाटतं मला."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"पाऊण तास झाला," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुम्हाला मिनिटही लागलं नव्हतं. हे म्हणाले होते, अर्धा तास टिकलं तरी खूप झालं."

पारख्याला घड्याळजीची बोटं आठवली, तांदळाएवढी चाकं अलगद बसवणारी.

"हे त्यांनी केलं?"

"आधी शंभरेक नाणी वाया घालवली. डोळे फुटतील म्हणून मी ओरडायचे. ऐकतात कुठे!"

त्याला मनापासून लाज वाटली. माफी मागावी, तर ती हिच्याजवळ मागून काय उपयोग? त्याने नाणं पुन्हा दिव्याखाली धरलं, उगाच उलटसुलट केलं.

"आकडा उठवला कशाने, तेच मला अजून कळत नाहीये," तो म्हणाला.

"ते त्यांनाच विचारा," ती उठत म्हणाली. "पण मग आजच चला."