तेरा वस्तूंचा डोळा आणि करडईवरचा मावा

मी मोजून तेरा वस्तूंचा आहे. पन्नास मिलिमीटरची जुनी लेन्स एक. ती कॅमेऱ्यावर उलटी बसवणारी कडी एक. फ्लॅश एक, त्यातले पेन्सिल सेल चार. वेफर्सचा कापलेला उभा डबा एक, त्याच्या आत चिकटवलेली चकचकीत पन्नी एक, तोंडाला मिठाईच्या पुड्यातला बटर पेपर एक. रबरबँड दोन. लेन्सचं छिद्र उघडं राहावं म्हणून तिची बारीक पट्टी दाबून धरणारी कागदाची घडी एक. कॅमेरा यात धरलेला नाही. तो मागून आणलेला असतो.

मित्रांनो, मी किड्यांचे जवळून फोटो काढणारा एक जुना, घरगुती जुगाड आहे आणि स्वभावानं भित्रा आहे.

पूर्वी असा नव्हतो. माझी लेन्स आणि फ्लॅश धाराशिवच्या एका फोटो स्टुडिओत होते. लेन्स सरळ बसायची, नवरा-नवरी दोन मीटर दूर उभे राहायचे आणि फोटोचं कौतुक व्हायचं. मग स्टुडिओ बंद झाला. चार वर्षं आम्ही एका खणात बुरशी खात पडलो होतो. बेंबळी गावच्या शिवप्रियानं आम्हाला तिथून आणलं. ती प्राणिशास्त्राची पदवीधर. तिनं लेन्स उलटी केली, कारण उलटी लेन्स बारीक गोष्ट मोठी दाखवते. नुसता फ्लॅश पडला तर किड्याच्या पाठीवर पांढरा डाग उठतो, म्हणून डबा आणि बटर पेपर लावून तिनं उजेड मऊ केला.

भीती तेव्हापासूनची. उलटं बसल्यावर माझी नाजूक, मागची काच उघडी पुढं आली. किडा आणि ती काच यांत अंतर जेमतेम साडेचार सेंटीमीटर. पहिल्या दिवशी समोर कोळी आला. तुम्हाला तो तीळभर दिसला असता. मला त्याचे आठ डोळे दिसले आणि आठही माझ्याकडे बघत होते.

पण खरी भीती मला येळवसच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या दिवशी कळली.

शिवप्रियाची आई महानंदा बांधावर मधमाश्या पाळते. चार पेट्या. बांधापलीकडं गुंडाप्पाकाकांची करडई. फुलं उमलू लागली होती, माश्या दिवसभर तिथंच असायच्या. पण शेंड्यांवर काळा मावा चढला होता, रस शोषत होता. त्यात काकांना माव्यामध्ये तपकिरी, फुगीर दाणे दिसले.

"अंडी घातलीत भाड्यांनी," काका म्हणाले. "ही फुटली की रान गेलंच म्हणून समज. येळवस झाली की दुसऱ्या दिशी फवारतो, दुप्पट औषध घालून."

"आण्णा, फुलावर फवारू नका हो," महानंदा म्हणाली. "माश्या मरतील माझ्या."

"पेट्या झाकून ठिव की एक दिस."

"एक दिवस झाकीन. औषध पाच-सहा दिवस ऱ्हातंय फुलावर. तवर काय खातील त्या?"

काकांनी करडईचा एक काळा शेंडा खुडून तिच्यापुढं धरला. त्यांनाही करडई वाचवायची होती.

येळवसला आमच्याकडं काळ्या आईची पूजा असते. त्या दिवशी कुणी फवारत नाही. म्हणजे हातात एक दिवस होता. कॅमेरा शिवप्रियाच्या मावसभावाचा, तो पाहुणा म्हणून सकाळी आला आणि संध्याकाळी परत जाणार होता. कडब्याच्या कोपीपाशी, त्या छोट्या खोपटापुढं, भज्जी-भाकरीची पंगत बसली, तेव्हा शिवप्रिया करडईत गुडघे टेकून बसली होती. काटे टोचत होते. तिनं श्वास रोखला होता.

मी पाहिलं. तपकिरी दाण्याला सहा पाय होते.

ते अंडं नव्हतं. तो मेलेला मावा होता, आतून पोखरलेला, सुकून टरफल झालेला. आणि त्याच्या पाठीवर आतून कुणीतरी गोल कापत होतं.

मला पळून जावंसं वाटलं. मला पाय नाहीत.

शिवप्रियानं बटण दाबलं. फ्लॅश पेटला नाही, आधीच्या फोटोनं तो रिकामा झाला होता. नव्या सेलवर मला भरायला सात सेकंद लागतात. माझे सेल जुने होते. ती हळूच मोजू लागली. अकरा, बारा. टरफलाचं झाकण उचललं गेलं. वीस. दोन मिशा बाहेर आल्या. आता चुकलो तर पुन्हा ही घडी सापडणार नाही, आणि चार पेट्या माझ्यामुळं मरतील, एवढंच मला कळत होतं.

तेवढ्यात मागून आरोळी आली. गुंडाप्पाकाका सणाची रीत म्हणून रानाभोवती आंबील शिंपडत येत होते. ताकात कालवलेलं ज्वारीचं पीठ. एक थेंब उडाला आणि थेट माझ्या उघड्या काचेवर पडला. सगळं पांढरं झालं.

शिवप्रियानं ओढणीचं टोक काचेवर फिरवलं. पिठाचा एक कण काचेवरून करकरत गेला. तो ओरखडा अजून आहे. तिनं मोजणं सोडलं नव्हतं. एकोणतीस, तीस, एकतीस. लाल दिवा लागला. मी पेटलो.

"काय गं शिवप्रिये," काका वर उभे होते, "सण सोडून वेफरच्या डब्यातनं काय बघतीस?"

"तुमची अंडी बघतेय काका. मावा अंडी घालत नाही आपल्याकडं. पिल्लं देतो."

"शेळी हाय व्हय ती, पिल्लं द्यायला?"

तिनं कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढं धरला. काकांनी चष्मा पुसला. एका कडेला ओरखड्याची धुरकट रेघ होती. मध्ये टरफल, उघडलेलं झाकण आणि त्यातून अर्धी बाहेर आलेली बारीक, काळी, पंखांची माशी.

"आरं तिच्या! हिला तर मिशा हायत."

"ही माव्याच्या पोटात अंडी घालते, काका. हिची पिल्लं त्याला आतून खातात. तुम्ही फवारलंत तर मावा मरेल, पण हीपण मरेल. आणि आईच्या माश्याही."

काकांनी पडदा डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "ही एक दिसली. माझं रान अडीच एकर हाय. एकीच्या जिवावर सोडू व्हय?"

मित्रांनो, माझी सगळ्यात मोठी भीती हीच. मी दाखवलं ते खरं होतं, पण एका पानाचं खरं होतं.

शिवप्रिया वाद घालत बसली नाही. तिनं पूजेतला लाल दोरा मागून घेतला आणि रानाच्या चारी बाजूंच्या नि मधल्या अशा दहा झाडांना खूण म्हणून बांधला. प्रत्येक शेंड्याच्या वरच्या पाच सेंटीमीटरमध्ये मोजलं. सरासरी जिवंत मावा बेचाळीस, तपकिरी एकोणीस.

"आठ दिस थांबतो," काका म्हणाले. "मग माझ्यापुढं मोजायचं. वाढला आसंल तर मी कुणाचं ऐकणार न्हाय. औषध आणून ठिवलंय."

त्या आठ दिवसांत मी फडताळात होतो. महानंदा रोज सकाळी पेट्यांपुढची जमीन झाडायची, म्हणजे कुणी फवारलंच तर नवी मेलेली माशी लगेच ओळखू येईल. खराट्याचा आवाज ऐकला की माझी काच गार पडायची. उजेड कितीही मऊ केला, तरी मी चुकीचंच काही दाखवलं असेल तर?

तुम्हाला एवढंच सांगतो. औषधाचं झाकण उघडण्याआधी किड्याच्या साडेचार सेंटीमीटर जवळ जाऊन बघा. आणि माझ्यासारख्याची काच ओढणीनं पुसू नका.

आठव्या दिवशी कॅमेरा नव्हता. शिवप्रियानं माझी नुसती लेन्स भिंगासारखी डोळ्याला लावली. काका वही धरून शेजारी उभे राहिले. आकडे त्यांनीच लिहिले.

झाडं दहा. सरासरी जिवंत मावा सहा. तपकिरी एकतीस. चार पेट्यांपुढं मेलेल्या माश्या नेहमीइतक्याच: दोन, शून्य, तीन, एक. औषधाचं झाकण बंदच.