धाकटीचे साठ, थोरलीचे तीस

धाकटी परदेशी शिकायला गेल्यापासून तिचा एकच जप चालू होता, वर्षाला साठ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे गुणांक. थोरलीने आपल्या वेळी वर्षाला तीसच मिळवले होते, आणि चारातली तीन वर्षं झाल्यावर कॉलेज सोडून ती चष्म्याच्या दुकानात लागली होती. त्यामुळे धाकटीचे साठ तिच्या डोळ्यांत खुपायचे.

त्या दुपारी विद्यापीठातल्या एक बाई चष्मा न्यायला आल्या आणि बोलता बोलता बिंग फुटलं. तिकडे घरी बसून केलेला अभ्याससुद्धा हिशेबात धरतात, इकडे फक्त वर्गातले तास. तिकडचे दोन म्हणजे इकडचा एक.

थोरलीला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. काच पुसायचं फडकं हातात तसंच ठेवून तिने फोन लावला.

"काय गं, साठ साठ करत होतीस ना? इकडे आणलेस तर तीसच भरतात. बडा घर पोकळ वासा नुसता."

चांगली जिरली, थोरलीला वाटलं.

"ताई, थांब," धाकटी हळूच म्हणाली. "मग तुझे नव्वद इकडे एकशे ऐंशी होतात."

"होईनात का."

"अगं, इकडे पदवीच एकशे ऐंशीला मिळते. सगळे नाही धरणार, पण तुझं राहिलंय ते थोडंच."

थोरलीच्या हातातलं फडकं गळून पडलं. भांडणाचा आवाज मात्र अजून उतरला नव्हता.

"मग इतके दिवस झोपा काढत होतीस का? प्रवेश कधी सुरू होतात ते बघ आधी."