रमाकांतकाकांचा गुप्त प्रश्न

अष्टमीच्या दिवशी, रविवारी सकाळी नीरजा डोक्यावर तेल थापून निवांत बसली होती, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे रमाकांतकाका होते, आणि ते बोलत नव्हते, कडाडत होते.

"चोरी झाली! माझ्या नावाची चोरी! तो तुझा कट्टा उघड आणि बघ. किसीने मेरे नाम से लिख दिया है!"

काका हिंदीत शिरले की पारा चढला समजायचं. नीरजानं तेलकट बोटांनीच फोनवर 'झाशीकर कट्टा' उघडला. सगळ्यात वर रमाकांतकाकांच्या नावानं मजकूर होता.

'दादा, यंदा अष्टमीचा कुळधर्म वेगवेगळा नको. वहिनींना घेऊन आमच्याकडे या. चुकलं माझं. – रमाकांत'

खाली नुसती गर्दी. कुणी हात जोडले होते, कुणी फुलं टाकली होती, एका आजींनी गडबडीत केळ्याचं चित्र टाकलं होतं. आणि तळाशी, नुकतंच आलेलं उत्तर: 'निघालो आहोत. जेवायला पोचतो. – गोपाळराव'

नीरजानं ते दोनदा वाचलं. भीती वाटली हे खरं, पण खोटं कशाला बोला, त्याहून जास्त गंमत वाटली. कट्टा सुरू केल्यापासून तिथे पाककृती आणि वाढदिवसांपलीकडे काही घडलं नव्हतं. आज एकदम घरफोडी!

नीरजा मूळची सांगलीची. सरकारी कंपनीत इंजिनियर म्हणून झाशीला आली आणि इथल्या जुन्या मराठी घरांनी तिला लेक मानून टाकलं. या मंडळींचा आधी व्हॉट्सॲपवर ग्रुप होता. त्यातले नंबर कुण्या प्लॉट विकणाऱ्याच्या हाती लागले आणि म्हाताऱ्या माणसांना ऐन वामकुक्षीत फोन येऊ लागले. तेव्हा नीरजानं हा कट्टा उभारला. आत यायला लॉगिन, आणि कुणाचा नंबर कुणाला दिसायचा नाही. इकडे कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल, हे तिला फार उशिरा कळलं. तोवर नाव रुळून गेलं होतं.

दार तिनं भक्कम केलं, पण किल्लीपाशी घोडं अडलं. पासवर्ड कुणाच्या लक्षात राहीना. फोनवर ओटीपी पाठवावा, तर सगळे एका सुरात म्हणाले, "बँकेनं बजावलंय, ओटीपी कुणाला द्यायचा नाही. तुला कसा देऊ?" शेवटी तिनं युक्ती काढली. पासवर्ड विसरलात? मग तुमचं कुलदैवत लिहा, दार उघडेल. सांगलीत जिवाभावाच्या मैत्रिणीचं कुलदैवतही तिला ठाऊक नव्हतं, तेव्हा तिला वाटलं, याहून खासगी काय असणार? इथल्या मराठी मंडळाच्या सभेत तर तिनं छाती ठोकून सांगितलं होतं की आत चिटपाखरू शिरायचं नाही. आणि आज, फोन कानाला लावून उभी असताना, तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या चाळीस घरांत कुणाचं कुलदैवत कुठलं, त्याला नैवेद्य कसला आणि कुठल्या सुनेनं तो कधी करपवला, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. म्हणजे कट्ट्यावर कुणीही कुणाच्याही नावानं बसू शकत होतं.

"काका, मी आलेच," ती म्हणाली.

"लवकर ये! ती लाल पट्टी लाव आधी. दादा पोचायच्या आत लाव!"

लाल पट्टीचा नियम नीरजाचाच. कुणाच्या खात्यात परका शिरला तर वर लाल अक्षरांत जाहीर करायचं, की या नावाचा मजकूर खरा धरू नये. नियम चोख होता. पण पट्टी लागली की एरच गावाहून निघालेल्या गोपाळरावांच्या फोनवर ती ताबडतोब दिसणार, गाडी वाटेतूनच मागे वळणार, आणि मग ते दोघे भाऊ या जन्मात काही बोलायचे नाहीत.

कारण आधीच अबोला भारी होता. गोपाळराव थोरले, एरचला नदीच्या घाटापाशी राहणारे. त्यांच्या मुलीच्या, आभाच्या इथे झाशीतच झालेल्या लग्नात हार कमी पडले म्हणून रमाकांतकाकांना मानिक चौकात पिटाळलं होतं. काका घामाघूम होऊन हार घेऊन परतले, तोवर सगळ्या कुटुंबाचा फोटो काढून झाला होता. तीस माणसं त्या फोटोत, हलवाईसुद्धा; फक्त मुलीचा सख्खा काका नाही. एवढंच कारण. पण त्यावरून काका भरल्या पंगतीतून उठले ते उठले, आणि मग वर्षं लोटली.

नीरजानं डोक्याला तसाच रुमाल बांधला आणि स्कूटी काढली. नवरात्राच्या गर्दीत मानिक चौकात ती अडकली, दोनदा हॉर्नवर तळहात दाबून बसली, एका हातगाडीवाल्याशी भांडली आणि खंडेराव गेटजवळ काकांच्या गल्लीत शिरली तेव्हा तिला धाप लागली होती. कोण असेल? काकांचा कुणी वैरी, की मस्करी करणारं पोरगं? शेरलॉकगिरीचा असा योग तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.

योग दोन मिनिटांतच संपला. काका बाहेरच्या खोलीत टॅबलेट मांडीवर घेऊन धुमसत होते आणि आतून पुरणयंत्राचा घरघर आवाज येत होता. नीरजानं स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. घरात माणसं दोन, आणि सरलाकाकूंनी परातभर पुरण वाटलं होतं. कटाच्या आमटीचं पातेलं तर लग्नातलं असावं. काकूंनी मान वर केली. दोघींची नजरानजर झाली आणि काकूंनी घाईघाईनं पुन्हा पुरणात हात घातला.

'अरे देवा,' नीरजा मनात म्हणाली, 'चोर घरातच पोळ्या लाटतोय.'

आता करावं काय? नियम म्हणत होता, पट्टी लाव. नियम तिचाच, आणि तो योग्यच होता. दुसऱ्याच्या नावानं 'चुकलं माझं' लिहिणं ही साधी गोष्ट नव्हती. पण गाडी निघाली होती.

"काका, आधी दार बंद करू," तिनं वेळ काढला. "कुलदैवत रद्द. असा प्रश्न द्या, ज्याचं उत्तर तुमच्याखेरीज कुणालाच येणार नाही. मग पट्टीचं बघू."

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "लिही. माझ्या पहिल्या सायकलचा रंग कोणता?"

"हिरवा," आतून आवाज आला. "आणि तिला घंटी नव्हती."

"तू गप गं! लिही नीरजा, शाळेत मी कुणाचा मार खाल्ला?"

"गणिताच्या पंडितजींचा. शाईची दौत उलटवलीत म्हणून."

नीरजानं ओठ घट्ट मिटले. काका इरेला पेटले. पहिल्या साहेबाचं नाव, ऑपरेशनच्या आधी केलेला नवस, लपूनछपून खाल्लेली कचोरी; एकेक प्रश्न निघत होता आणि पुरणयंत्र न थांबवता काकू उत्तरं देत होत्या.

"बरं," काका घायकुतीला आले, "माझी काळी छत्री कुठे हरवली?"

"मानिक चौकात! भाजीच्या दुकानी टेकवून ठेवलीत आणि विसरलात. तुम्हीच नाही का सांगितलंत?"

 या वेळी काकांनी टॅबलेट उचलला आणि नीरजाला म्हणाले, "जरा तोंड फिरव. उत्तर मीच टाकतो." नीरजानं शहाण्या मुलीसारखं भिंतीकडे तोंड केलं. उत्तर बघायचं नाही, हा कट्ट्याचा पहिला नियम होता आणि तो तरी तिला पाळायचा होता.

मग चाचणी म्हणून तिनं काकांना कट्ट्यातून बाहेर काढून पुन्हा लॉगिन उघडलं. पडद्यावर प्रश्न आला: 'माझी छत्री कुठे राहिली?'

"हे काय हो!" काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मी आत्ताच ओरडून सांगितलं की. टाक गं, मानिक चौक."

नीरजानं टाकलं. कट्ट्यानं स्पष्ट नकार दिला: 'उत्तर चुकीचे आहे.'

काकू पडद्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचं उत्तर पहिल्यांदाच चुकलं होतं. "म्हणजे? मग कुठे?"

"तुला सगळं ठाऊक असतं ना?" काकांचा आवाज एकदम बारीक झाला. "माझं कुलदैवत ठाऊक, माझ्या मनातलं ठाऊक. सरला, तूच लिहिलंस ना ते?"

"हो, मीच," काकू म्हणाल्या. "लिहिलं मी. दर अष्टमीला ताट वाढलं की तुम्ही दाराकडे बघता. मला बघवत नाही ते. काय व्हायचं ते होऊ दे म्हटलं." त्यांचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती.

"मला विचारायचंस!"

"नाही म्हणाला असतात."

 "पट्टी लाव, नीरजा," काका हट्टानं म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. नीरजाचं बोट बटणापाशी गेलं आणि तिथेच थबकलं. खाली गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला.

काका ताडकन उठले, पण जिन्याकडे गेले नाहीत. खोलीच्या मध्यावर नुसते उभे राहिले. पावलं वर आली. आधी वहिनी, मागून गोपाळराव. पांढरी टोपी, आणि काखेत एक लांबलचक काळी छत्री. तिच्या कापडावर, कचेरीतली माणसं घालतात तशी पांढऱ्या रंगात अक्षरं होती: रमाकांत.

"ही घे," गोपाळराव चौकटीतूनच म्हणाले. "घाटाच्या पायरीवर राहिली होती तुझी."

 आत आमटी उतू जात होती, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"तुम्ही एरचला गेला होतात?" काकूंनी हळूच विचारलं.

"पेन्शनच्या कामाला म्हणून निघालो होतो," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "घाटापर्यंत गेलो. पुढे पाय उचलेना. बसून राहिलो आणि परत आलो."

"मी गच्चीवरून बघत होतो," गोपाळराव म्हणाले. "म्हटलं, हा वर आला तर बरं. हाक मारायची मलाही लाज वाटली. गाढव आहोत दोघेही. तू गेल्यावर खाली जाऊन छत्री तेवढी उचलली." मग त्यांनी धाकट्याकडे रोखून पाहिलं. "रमू, ते कट्ट्यावरचं तूच लिहिलंस ना? 'चुकलं माझं' वाचून मला जरा शंका आली होती. तू आणि असं लिहिणार!"

नीरजाचा जीव टांगणीला लागला. काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं. मग टॅबलेट घेतला, गुप्त प्रश्नाखाली सगळ्यांदेखत 'एरच' असं टाकलं, आणि दार उघडलं. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, त्यांनी त्या मजकुराखाली लिहिलं:

'वरचं मी लिहिलं नाही. माझ्या बायकोनं मला न विचारता लिहिलं. पण खरं आहे ते. – रमाकांत'

गोपाळरावांनी ते चष्मा वर करून वाचलं आणि धाकट्याला मिठीत ओढलं. छत्री दोघांच्या मध्ये आडवी आली आणि ती काढायचं कुणालाच सुचलं नाही. नीरजाला रडू आणि हसू एकदमच फुटलं. लाल पट्टीची गरज उरली नव्हती; ज्याचं नाव होतं त्यानंच खरं काय ते लिहून टाकलं होतं.

तरी जेवणाआधी तिनं सगळ्यांचं कुलदैवत कट्ट्यावरून काढून टाकलं आणि काकूंकडून पुन्हा असं न करण्याचं वचन घेतलं. "आणि काका, तुमचा प्रश्नही आता बदलायला हवा. उत्तर सगळ्यांना कळलं."

"बघू नंतर. आता काय विचारू?" काका म्हणाले. "दडवलेलं तेवढंच एक होतं."

पानं मांडल्यावर वहिनींनी फोन पुढे केला आणि नीरजाला फोटो काढायला सांगितलं. काका हात पुसायला आत गेले होते.

"थांब!" गोपाळराव एवढ्या जोरात ओरडले की नीरजाच्या हातून फोन पडता पडता वाचला. "रमू आल्याशिवाय नाही."