कानबाईच्या वाटेवर विझलेली बॅटरी

मित्रांनो, उधन्याच्या भंगारबाजारात, वजनकाट्याच्या मागे, एक काळी जड पेटी आडवी पडली आहे. झाकणं गायब, अंगावर पांढरी बुरशी. तीच मी. जुनी बॅटरी. नाक मुरडू नका, जरा बसा. माझ्याजवळ एक गोष्ट आहे आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मी काही साधी गाडी सुरू करणारी बॅटरी नव्हते बरं! सावकाश, तासन् तास वीज पुरवायची, हे माझं काम. बमरोलीच्या लोटूकाकांनी मला विकत आणलं आणि आपल्या जुन्या व्हॅनमध्ये बसवलं. खानदेशातलं गाव सोडून इकडे कामाला आलेले लोटूकाका बावीस वर्षं डाईंग मिलमध्ये रंगाच्या हौदावर होते. व्हॅनच्या मागच्या सीटा काढून त्यांनी स्वतःच्या हातांनी एक पलंग ठोकला, वर पंखा लावला आणि कडेला ऑक्सिजनचं मशीन ठेवलं. ते सगळं माझ्या जिवावर चालायचं.

कारण त्यांच्या शोभाबाई. लूमच्या कारखान्यात बॉबिन भरता भरता त्यांच्या छातीत इतकी वर्षं कापसाची धूळ गेली, की मशीनच्या नळीशिवाय त्यांना दहा पावलं चालवेना. दवाखान्यात जायचं तर याच व्हॅनमधून. दोन वर्षं मी त्यांना एकदाही दगा दिला नाही. लोटूकाका मला फडक्यानं पुसायचे आणि शेजाऱ्यांना म्हणायचे, "ही मनी दुसरी पोर शे." म्हणजे, ही माझी दुसरी मुलगी. पहिली पोर म्हणजे हर्षदा, बारावीतली. खरं सांगते, त्या कौतुकानं मी फुलून जायचे.

मग आषाढात शोभाबाईंचा श्वास एकाएकी कोंडला. लोटूकाकांनी व्हॅन दवाखान्याशी थांबवून त्यांना उचलून आत नेलं आणि त्या घाईत व्हॅनमधला पंखा चालूच राहिला. बारा दिवस! रिकाम्या पलंगावर पंखा फिरत होता आणि मी थेंबाथेंबानं रिती होत होते. घरची माणसं व्हॅनकडे परतली तेव्हा माझ्यात काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

शोभाबाई घरी आल्या, पण डॉक्टरांनी फार आशा दिली नव्हती. त्यांनी नवऱ्याजवळ एकच गोष्ट मागितली. "माले फक्त एकदाव कानबाई दखाडा. मंग मी काहीच मांगत नही."

खानदेशात श्रावणातल्या रविवारी घरोघर कानबाई बसते. सगळे भाऊबंद गावी जमतात, रोट करतात आणि सोमवारी देवीला डोक्यावर घेऊन नदीवर जातात. शोभाबाईंनी ती कितीदा डोक्यावर नेली होती. गाव नंदुरबारच्या पलीकडे, आणि रविवार तीन दिवसांवर.

लोटूकाकांनी चार्जर लावला. त्यावरचा दिवाही लागेना. मग गल्लीतल्या भटू मेकॅनिकला बोलावलं.

"काका, पार मेलीय ही. चार्जर ओळखतच नाही हिला," भटू म्हणाला. त्यानं स्वतःची भरलेली बॅटरी तारांनी माझ्याशी जोडली. अर्ध्या तासानं माझ्यात जरा धुगधुगी आली, तेव्हा चार्जरनं मला ओळखलं. "आता हळूहळू भरू दे. सोमवारपर्यंत हात लावू नका. घाई केली तर कामातून जाईल."

सोमवार! रविवारी निघायचं असताना सोमवार कसा चालेल? शनिवारी संध्याकाळपर्यंत मी जेमतेम निम्मी भरले होते. लोटूकाका दर घटकेला येऊन चार्जरवरचा काटा बघत, कपाळाला हात लावत. शेवटी ते मिलमधून एक कॅन घेऊन आले.

"पप्पा, रेवा दो ने, राहू द्या. भटूदादाला विचारा तरी," हर्षदा म्हणाली.

"त्याले काय इचारनं? रंग बसना नही तं आम्ही काय करतस? ॲसिड टाकतस. आठे बॅटरीमा बी तेच."

आणि त्यांनी माझी झाकणं उघडली. अहो काका, ते माझं ॲसिड नव्हे हो! ते कापडाचं! मी आतून किती ओरडले, पण बॅटरीला तोंड कुठलं? त्या ॲसिडला शिरक्यासारखा, म्हणजे व्हिनेगरसारखा उग्र वास असतो. दुसऱ्या कुठल्याही घरात तो लगेच कळला असता. पण लोटूकाकांच्या हातांना, कपड्यांना बावीस वर्षं तोच वास होता. हर्षदा तर त्या वासातच मोठी झाली होती. घरात कुणालाच काही वेगळं वाटलं नाही.

सकाळी काटा वर गेलेला होता, हिरवा दिवा लागला होता. लोटूकाकांना आभाळ ठेंगणं झालं. मला मात्र ठाऊक होतं, की तो आकडा नुसता वरवरचा आहे आणि आत ते ॲसिड माझ्या शिशाच्या पट्ट्या खायला लागलं आहे. शोभाबाईंना पाय लांब करता यावेत म्हणून काकांनी पलंगाच्या पायथ्याशी अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर काढून घरी ठेवला. "बॅटरी पुरी भरेल शे," ते म्हणाले.

आम्ही गावाकडे निघालो. व्यारा गेलं, सोनगड गेलं. शोभाबाई खिडकीतून भाताची हिरवी शेतं बघत होत्या. "कितलं ऱ्हायनं?" त्यांनी विचारलं.

"हाई काय, उनंच," काका म्हणाले, म्हणजे हे काय, आलंच.

सोनगडच्या पुढे मी संपले. मशीनची शिट्टी वाजली आणि सगळं गप्प झालं. हर्षदानं आईचं डोकं मांडीवर घेऊन ओढणीनं वारा घातला, हाका मारल्या. काका नवापूरच्या दवाखान्याकडे गाडी पिटाळत होते, हॉर्नवरचा हात काढत नव्हते. माझ्यात उरलंसुरलं जे काही होतं ते मी गोळा करत होते, पण त्यातून मशीनचा दिवासुद्धा लागला नाही.

"गाव उनं का?" शोभाबाईंनी पुटपुटत विचारलं.

"हो मम्मी, उनं," हर्षदा म्हणाली.

दवाखाना आला तेव्हा फार उशीर झाला होता.

तेराव्यानंतर भटूनं मला व्हॅनमधून उतरवलं. झाकण उघडताच त्या वासानं तो मागे सरकला. "हर्षदा, यात मिलचं ॲसिड कुणी..."

तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. सगळं तिला त्या क्षणी कळलं. मग ती हळूच म्हणाली, "भटूदादा, हात जोडते. पप्पांना सांगू नका. बॅटरी जुनी होती म्हणा."

भटूनं तसंच सांगितलं. लोटूकाकांनी मला स्वतः भंगारात आणून टाकलं. जाताना वळून म्हणाले, "तुले पोर म्हनू मी. आनि तूच दगा दिधा." मला फार लागलं ते. पण मी म्हटलं, असू दे. हा बोल मला पेलेल, त्यांना पेलला नसता.

मित्रांनो, कुणी पार रितं झालं असेल तर त्याला भरायला वेळ द्या. घाई करू नका, आणि जाणत्याला विचारायला लाजू नका. एवढं माझ्यासाठी करा. आणखी एक. बमरोलीत कधी लोटूकाका भेटले आणि माझा विषय निघाला, तर त्यांना सांगा, बॅटरी जुनी होती.