छत्तिसावी फ्रेम

मुलीनं म्हाताऱ्यासमोर तिसऱ्या खोक्याची दोरी सोडली.

"बाबा, भिंग द्या जरा."

त्यानं भिंग पुसायला घेतलं. ते पुसलेलंच होतं, तरी पुसत बसला. चाळीस वर्षं लढायांचे फोटो काढणाऱ्याला आता त्या खोक्याकडे बघवेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही.

प्रदर्शन त्याच्या फोटोंचं होतं, निवड मुलगी करत होती. खोक्यांत प्रत्येक रोलचा एकेक कागद होता, त्यावर छत्तीसच्या छत्तीस फोटो ओळीनं, पोस्टाच्या तिकिटाएवढे. दौऱ्याचा शेवटचा रोल असेल तर पस्तीस फोटो युद्धाचे आणि छत्तिसावा घराच्या दाराचा. तसा त्याचा नेमच होता. शेवटची फ्रेम राखून ठेवायची, घरी पोचलं की पिशवी खाली ठेवायच्या आधी बायकोचा नि मुलीचा दारात फोटो काढायचा आणि मगच रोल दैनिकाच्या कचेरीत धुवायला पाठवायचा. कचेरीतले चेष्टा करायचे, "काय हो, घरची आघाडी शांत आहे ना?"

नेम एकदाच मोडला. एका तुटक्या पुलावरून एक माणूस पाठीवर दार घेऊन येत होता. घर गेलं होतं, दार तेवढं उरलं होतं. कॅमेऱ्यात एकच फ्रेम शिल्लक होती आणि खिशात नवा रोल नव्हता. त्यानं फोटो काढला, रोल गुंडाळला आणि रिकामा कॅमेरा गळ्यात घालून घरी आला. बायको ओले हात पुसत दारात आली, मुलगी तिला बिलगून उभी राहिली. नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावून कळ दाबली.

पुढे सांगितलं, तो फोटो धुताना खराब झाला. दोन महिन्यांनी बायको तापानं गेली. दारवाल्या माणसाचा फोटो देशोदेशी छापून आला, बक्षिसं मिळाली, आणि दर सत्काराला त्याला वाटायचं, टाळ्या वाजताहेत त्या आपल्या चोरीला. मुलीनं मात्र त्या घरच्या फोटोबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्याला कधीकधी वाटे.

आता ती कागदावर भिंग सरकवत होती. शेवटच्या ओळीच्या टोकाला ती थांबली.

"हा दारवाला. छत्तिसावा आहे."

"हं."

तिनं भिंग तिथंच ठेवलं. मग तोच म्हणाला, "धुताना काही खराब झालं नव्हतं, चिमणे. कॅमेरा रिकामा होता. तुझ्या आईचा शेवटचा फोटो मी त्या माणसावर खर्च केला. आणि तीस वर्षं तुझ्याशी खोटं बोललो."

"माहितीये मला."

तिनं टेबलावरचा जुना कॅमेरा उचलला आणि पुढच्या फ्रेमसाठी ओढतात तो खटका ओढला.

"आत रोल असला की डावीकडची ही चकती फिरते ना? आईला तुम्हीच शिकवलं होतं. त्या दिवशी तुम्ही खटका ओढलात तेव्हा ती फिरली नाही. आईनं बघितलं."

"मला काही बोलली नाही ती."

"माझ्या कानात बोलली."

म्हाताऱ्यानं कॅमेरा तिच्या हातातून घेतला. त्याचा अंगठा त्या चकतीवरच राहिला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आज कॅमेरा रिकामा आहे. पण बाबा फार काहीतरी बघून आलेत. तू नीट उभी राहा आणि हस." मुलीनं लाल पेन्सिलीनं छत्तिसाव्या फोटोभोवती चौकोन काढला. "आणि मग तिनं स्वतःचे केस सारखे केले. आठवतंय?"

त्याला आठवत होतं. ओल्या हातानं तिनं कपाळावरची बट मागे सारली होती. आणि तिचा हात खाली येईपर्यंत थांबून, मगच त्यानं कळ दाबली होती.