सहा बादल्या पाणी

"अडचण असताना झाडाला हात लावलास, व्हय गं?"

माझ्या बायकोचा, जयाबाईचा, आवाज गच्चीवरून गल्लीत उतरला. शेजारच्या गच्चीवर मालुबाई सांडगे वाळत घालत होती. ती हातातलं टाकून कठड्याशी आली.

आमची सून ब्राह्मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. "हात न्हाय लावला, आत्या. पाणी घातलं."

"तांब्याभर न्हवं, सहा बादल्या!" मालुबाई म्हणाली. "मी मोजल्या की. ओघळ आमच्या भिंतीपतोर आलता."

"मग जळंल न्हाय तर काय हुईल?" जयाबाई म्हणाली.

निळ्या अर्ध्या पिंपातली लिंबोणी पानांच्या कडांनी करपली होती. पहिल्याच बहराला सुपारीएवढी नऊ लिंबं धरली होती. त्यातली सात खाली पडली होती. मी पिंपाशेजारीच उभा होतो.

इथून सांगायला घेतलं की मी नुसता उभा असलेला माणूस ठरतो. हे बरोबर नाही. थोडं मागून सांगतो.

मी कलगोंडा. निपाणीत तंबाखूच्या वखारीत छत्तीस वर्षं कारकून. लिंबोणी ब्राह्मीची. गुटी बांधून मुळ्या फुटलेली फांदी तिनं माहेरून, चिकोडीकडून, ओल्या फडक्यात गुंडाळून बसमधून मांडीवर आणली होती. आमच्या घरात पाळीचे चार दिवस बायकांनी मागच्या खोलीत चटईवर बसायचं, ताट लांबून सरकवायचं, असा रिवाज. ब्राह्मी शाळेत शिकवते. नवीन असताना तिनं हसत विचारलं होतं, "चार दिवस वर्गातली पन्नास पोरं शिवलेली चालत्यात, आत्या. घरातलीच का न्हाय?" जयाबाई रुसली, चार-सहा महिने धुसफुसली, मग गप्प झाली. चटई माळ्यावर गेली. देवघर आणि झाडं, एवढ्या दोनच गोष्टी पाळायच्या राहिल्या.

हे सगळं खरं आहे. पण यातही मी कुठं नाही.

पुन्हा सांगतो.

गच्चीवरच्या त्या प्रकाराच्या चार दिवस आधी वखारीतला जुना सोबती नागेंद्र घरी आला होता. लिंबं बघून म्हणाला, "एवढीशीच? आमच्या गच्चीवर ये, अंड्याएवढी दाखवतो. युरिया टाक गा थोडा." मला लागलं ते. चुलतभावाच्या उसाचा उरलेला युरिया जिन्याखाली होता. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकून मी वर गेलो आणि दोन ओंजळी युरिया बुडात टाकला. उसाच्या सरीत टाकतात तसा. वर पाणीही घातलं नाही. लिंबं फुगली की सून म्हणेल, मामा, तुमच्या हाताला गुण आहे. एवढंच मनात होतं.

तर त्या दिवशी गच्चीवर माझ्या तोंडात तीन शब्द होते. युरिया मी टाकला. ते बाहेर आले नाहीत. मालुबाई बघत होती, म्हणून. नागेंद्र हसेल, म्हणून.

त्याच संध्याकाळी चटई माळ्यावरून खाली आली. "प्रत्यक्ष दिसलं की आता," जयाबाई म्हणाली. मुलगा सन्मती नोकरीला बेळगावात, रविवारी आला. बायकोला म्हणाला, "चार दिवसांचाच तर प्रश्न हाय. आईच्या नादाला लागू नगो."

तीन आठवड्यांनी ब्राह्मी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी वर गेलो.

"ब्राह्मी, त्या लिंबोणीत युरिया मी टाकलेला."

तिनं साडी दोरीवर सारखी केली. "ठाऊक हाय, मामा."

"कसं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी बुडात पांढरे दाणे दिसले, जिन्याखालचं पोतंबी उघडं. ते धुऊन काढाय म्हणूनच सहा बादल्या घातल्या. अडचणीत झाडाकडं जायचं न्हाय, कळत हुतं मला. पण थांबले असते तर मूळच गेलं असतं."

"मग त्या दिवशी बोलली का न्हाईस?"

"तुम्ही तिथंच हुतासा की."

एवढं बोलून तिनं पुढचा कपडा झटकला.

मी तसाच खाली गेलो आणि जयाबाईला सगळं सांगितलं. ती हसली. "सुनंला पाठीशी घालताय व्हय? खरं असतं तर तवाच बोलला असतासा. मुके हायसा काय तुम्ही?"

मी दोनदा सांगितलं. जिन्याखालचं पोतंही दाखवलं. "पोतं कवाबी असतंय," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात ब्राह्मी मागच्या खोलीत बसली होती. जयाबाई बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेली होती. मी ताट वाढलं. भाकरी, झुणका, चटणी. उंबरा ओलांडून आत गेलो आणि ताट तिच्या हातात द्यायला पुढं केलं.

तिनं दोन्ही हात मागं घेतले.

"ठेवा खाली. आत्यांना कळलं तर तुम्हाला आंघोळ कराय लावतील."

"करीन की आंघोळ."

"ठेवा, मामा."

मी वाकलो. गुडघा वाजला. ताट फरशीवर ठेवलं. मी सरळ उभा राहून उंबऱ्याबाहेर येईपर्यंत तिनं ते ओढून घेतलं नाही.